तनूच्या घरात मोठ्यांना प्रवेश नाही

तुमच्या घरात सहा वर्षांच्या माणसाच्या मालकीची जागा किती आहे?

हा प्रश्न मी एका पत्रकात छापला, आमच्या अख्ख्या डोंगरकडा गावात वाटला, आणि उत्तर म्हणून एक संपूर्ण सकाळ मांजराच्या मापाच्या घरात अडकून काढली.

माझं नाव क्रांती. आमच्या वडिलांनी, आप्पांनी, माझ्या बारशाचं निमंत्रणसुद्धा पत्रक म्हणून काढलं होतं, खाली ‘एकजुटीचा विजय असो!’ (एकजूट नेमकी कुणाची, असं आई अजून विचारते.) मी अक्षरं शिकले ती पत्रकांवरच. त्यामुळे आईकडे दुसरी भाकरी मागतानाही माझ्या तोंडून ‘आमची मागणी आहे’ असंच निघतं.

तनू माझ्या दादाची मुलगी. ती रोज अंगणात घर मांडायची. दोन खाटा, वरून आजीची साडी, आत एक डबा आणि एक मुका पडलेला कॅल्क्युलेटर. ते घर रोज पाडलं जायचं. पाहुणे आले, खाट काढा! साडी धुवायची, साडी सोडा! एके दिवशी मी रस्त्याकडेची झोपडी पाडण्याविरुद्ध पत्रक लिहीत बसले होते, तेव्हा ती समोर येऊन उभी राहिली.

“आत्या, काय लिहून राहिलीस?”

“लोकांचं घर पाडायचं नाही, असं.”

“माझं तर रोज पाडतात. माझ्यासाठी काहून न्हाई लिहीत?”

हातातलं पत्रक मी बाजूला ठेवलं. एवढा धारदार प्रश्न मला तोवर कुणी विचारला नव्हता. मी तिथेच घोषणा केली: तनूला कुणीही पाडू शकणार नाही असं घर मिळेल! आणि त्यासाठी नवीन खिळासुद्धा विकत घेतला जाणार नाही, कारण ज्या गावात प्रत्येक गोठ्यामागे अर्ध्या घराचं सामान पडून आहे, तिथे नवीन आणणं हा गुन्हा आहे!

मोडक्या बैलगाडीच्या फळ्या मिळाल्या, त्यांच्या भिंती झाल्या. गोठ्याचा जुना पत्रा छप्पर म्हणून आला. हळद शिजवायच्या मोठ्या कुकरचं टाकून दिलेलं झाकण आत टेबल झालं (त्याला टेकलेल्या प्रत्येकाचं कोपर आजही पिवळं आहे). फळ्यांमधल्या फटींत आमच्याकडे मुबलक असलेला एकच माल भरला: जुनी पत्रकं. राहिली दाराची चौकट. ती चुलत्यांच्या पाडलेल्या घराच्या ढिगाऱ्यात सापडली.

उस्मानचाचा आमच्या गल्लीतले सुतार. चौकट त्यांनी उलटीसुलटी करून पाहिली.

“बेटा, ही खिडकीची हाये. तीबी माजघरातल्या खिडकीची. हिच्यातून उजेडबी वाकून येत असंल.”

“सहा वर्षांच्या माणसाला खिडकी म्हणजे दारच, चाचा!” मी तनूला सुतळीने मोजलं, वर दोन बोटं सोडली. “बघा, बराबर बसते.”

“अन् तुझं माप?”

“माझं कशाला? या घरात मोठ्यांना प्रवेश नाही. तत्त्व आहे!”

चाचांनी माझ्या तत्त्वाकडे आणि नंतर माझ्या कमरेकडे पाहिलं. मग नजर चौकटीकडे वळवली. सभ्य माणूस.

मग आई आली, हातात हळदकुंकू आणि नारळ. चौकट पूजल्याशिवाय बसवायची नाही! मी म्हणाले, खेळण्यातल्या घराला कसली पूजा? हे कर्मकांड मी खपवून घेणार नाही! आई म्हणाली, “घर तुझं हाये का तनूचं? तिला इचार.” मालकिणीने नारळाकडे पाहिलं, खोबऱ्याचा विचार केला आणि पूजेच्या बाजूने मत दिलं. मी लोकशाहीपुढे मान झुकवली. चाचांनी चौकट उरल्यासुरल्या सिमेंटमध्ये पक्की केली आणि आईने बजावलं, “पूजलेली चौकट आता हलवायची न्हाई. घराला बरं नसतं.”

मग मी पाटी रंगवली. एक: हे घर तनूचं आहे. दोन: मालकिणीला विचारल्याशिवाय एक फळीही काढायची नाही. तीन: मोठ्यांना प्रवेश नाही. खाली तनूने खडूने सही केली. आप्पांचे डोळे भरून आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी छप्पर बसवायचं होतं. जुन्या बोल्टांची टोकं आत निघत होती, ती लेकराच्या डोक्याला लागू नयेत म्हणून कुणीतरी आतून नट आवळून त्यांवर चिंध्या बांधायला हव्या होत्या. मी छातीएवढ्या भिंतीवरून टांग टाकून आत उतरले. चाचांनी वर पत्रा ठेवला. ते बाहेरून बोल्ट धरत, मी आतून पान्याने आवळत. आठही बोल्ट झाले. “बराबर!” म्हणून चाचा दुसऱ्या कामासाठी वसमतच्या गाडीने गेले. मी चिंध्या बांधल्या, आपल्या कामाकडे कौतुकाने पाहिलं, आणि दारातून बाहेर निघाले.

म्हणजे डोकं निघालं. खांदे तिरके करून निघाले. आणि मग चळवळ थांबली.

“आई!”

आईने येऊन दोन्ही हात धरून ओढलं. मग शेजारच्या काकूंनी आईला ओढलं. मी अर्धा इंचही सरकले नाही, काकूंची चप्पल मात्र तुटली.

“तेल लावा,” कुणीतरी म्हणालं.

“एवढं तेल? लोणचं घालायचं का तिचं?”

मी कशीबशी परत आत सरकले. तोवर गल्ली जमली होती. आणि गल्लीला पडला होता एकच प्रश्न, माझ्या सुटकेशी ज्याचा काडीचा संबंध नव्हता: “ही आत गेली कशी?” एकजण चारी बाजूंनी फेरी मारून आला. एकीला वाटलं, घर माझ्याभोवतीच बांधलं असावं. पोरं रांग लावून खिडकीतून, म्हणजे दारातून, मला बघून जाऊ लागली. कुणी मोबाईलवर चित्रण सुरू केलं. मग आप्पा आले, उकिडवे बसले आणि गंभीरपणे म्हणाले, “तुझ्या मागण्या काय आहेत?”

“आप्पा, मी उपोषणाला बसले नाही! मी अडकले आहे!”

पत्रा तापू लागला. समोरच्या फटीतलं पत्रक नेमकं माझंच होतं. ‘तडजोड म्हणजे पराभव!’ तेही उलटं. मी अर्धा तास तग धरला. (आई म्हणते, दहा मिनिटं.) मग माझ्या आयुष्यातली सर्वांत जोरदार घोषणा दिली:

“भिंत तोडा! पहार आणा!”

पहार आली. तेव्हा गर्दीतून तनू पुढे झाली आणि पाटीखाली उभी राहून एकेक अक्षर लावत वाचू लागली. “मा-ल-कि-णी-ला वि-चा-र-ल्या-शि-वा-य...”

“तनू, ही आणीबाणी आहे गं!”

“पाडणारे समदे असंच म्हणतात. तूच म्हणली व्हतीस.”

गल्लीने “व्हय, व्हय” केलं. पहार खाली आली. “मग चौकट काढू,” कुणीतरी म्हणालं, तर आई आडवी आली: “पूजलेली हाये!” एका बाजूला माझं तत्त्व, दुसऱ्या बाजूला आईचं, आणि मधे मी, घामाने भिजलेली. मग मी ते केलं ज्याविरुद्ध मी किमान चार पत्रकं काढली आहेत. लाच देऊ केली.

“तनू, क्रीमचा बिस्किटपुडा देते. एकच फळी!”

तिने आजीकडून पुडा वसूल केला. फळी दिली नाही.

पुडा घेऊन ती आत आली. तिला काय, दार तिच्याच मापाचं! झाकणाच्या टेबलाशी बसून तिने पहिल्यांदाच आपलं घर आतून निरखलं. एक बिस्किट मलाही दिलं, कारण मी आता पाहुणी होते. आणि मग तिचे प्रश्न सुरू झाले.

“आत्या, ह्या चिंध्या कशाला?”

“नटातून आलेली टोकं लागू नयेत म्हणून.”

“नट काय करतंय?”

“छप्पर धरून ठेवतं.”

“कोणी आवळले?”

“मी.”

“मग सुटत न्हाईत का?”

“सुटतात की. उलटा पाना फिरवला की...”

मी वर नटांकडे पाहिलं. बाहेरच्या गल्लीने पत्र्याकडे पाहिलं.

“पाना कुठं हाये?” तनूने विचारलं.

मी त्याच्यावर बसले होते. सकाळपासून काहीतरी टोचत होतं, ते मला अन्यायाची जाणीव वाटत होती.

“मालकीणबाई,” मी शक्य तितक्या ताठ मानेने विचारलं, “छप्पर काढायला परवानगी आहे का?”

तिने विचार केला. “उघडायला हाये. पाडायला न्हाई.”

आई पाटावर चढली आणि तिने बाहेरून एकेका बोल्टाचं डोकं चुलीवरच्या सांडशीने धरलं. मी आतून नट फिरवले. आठवा सुटला, गल्लीने पत्रा उचलला आणि मी भिंतीवरून बाहेर पडले, पिवळ्या कोपरांची, केसांत चिंध्या अडकलेली. आप्पांनी ‘विजय असो!’ म्हटलं. कुणाचा, ते त्यांनाही माहीत नव्हतं.

संध्याकाळी चाचा आले, पत्रा पुन्हा बसला. या वेळी नट तनूने आवळले आणि ती आरामात दारातून बाहेर आली. “मी इचारलं व्हतं तुझं माप,” चाचा म्हणाले. तेवढंच. पाटीवर आता खडूने लिहिलेला चौथा नियम आहे: ‘आत्याला पन न्हाई.’ घर मात्र उभं आहे. एक फळीही हललेली नाही.

म्हणून ही विनंती, पत्रक समजून वाचा. आज तुमच्या घरी लेकराने खाटेवर साडी टाकून घर मांडलं असेल, तर ते आज तरी मोडू नका. पाहुणे आले तर त्यांना सतरंजीवर बसवा. मालकिणीने आत बोलावलं तर जरूर जा. फक्त जाण्याआधी सुतळी घेऊन स्वतःची कंबर मोजा, आणि आत बसताना आपण कशावर बसतोय ते एकदा बघा.