ज्यांच्याविरुद्ध हात वर केला, त्या गयाताई

गयाताईंची आणि माझी पहिली भेट पंचायत समितीच्या निवडणुकीनंतरच्या सत्कारात झाली. आम्ही दोघे एकाच पक्षाकडून निवडून आलो होतो. मी तिशीतला, बागाईतदाराचा मुलगा. त्या पंधरा वर्षे अंगणवाडी चालवून आलेल्या. हार घालून घेताना मी ताठ उभा राहिलो, तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "भाऊसाहेब, जरा वाका. हार घालनाऱ्या म्हातारीचा हात पुरत न्हाई."

पुढे त्या सभापती झाल्या. पद खुल्या प्रवर्गाचे होते, त्यामुळे एका बौद्ध कुटुंबातील बाईंना ते मिळाल्याचे आमच्यातल्या काहींना रुचले नव्हते. ताईंनी त्याची वाच्यता कधी केली नाही. त्यांनी आपल्या दालनात एक लांब बाक आणून ठेवला. कामासाठी आलेला माणूस आधी बसायचा, पाणी प्यायचा, मगच बोलायचा. ज्याला लिहिता येत नसे त्याचा अर्ज ताई स्वतः लिहीत आणि त्याला वाचून दाखवीत. तो बाक आणि त्यावरची माणसे आठवली की आजही ते दिवस परत यावेत असे वाटते.

बिघडले ते आरोग्य उपकेंद्रावरून. तालुक्याच्या कोरड्या पूर्व भागातल्या एका वस्तीवर ते व्हावे, असा ठराव आम्ही एकमताने केला होता. आमच्या नेत्यांना मात्र ते हमरस्त्यावर, त्यांच्या गावात हवे होते. ताईंनी जागा बदलायला नकार दिला. महिन्याभरात आमच्याच पक्षाने त्यांच्यावर अविश्वास आणायचे ठरवले. कागद माझ्यापुढे आला आणि मी सही केली. पुढचा सभापती मी, असा शब्द मला मिळाला होता.

फुटू नयेत म्हणून सदस्यांना थंड हवेच्या ठिकाणी नेण्यात येणार होते. त्याआधी काही कागदांसाठी मी कार्यालयात गेलो, तर ताईंनी आत बोलावले. त्यांच्यापुढे नोटीस होती.

"तुमीबी सही केली?"

"केली, ताई."

त्यांनी नोटिशीची घडी घालून ती बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, "तिकडं लई गारठा हाय. स्वेटर घेऊन जा."

विशेष सभेला नगरहून अधिकारी आले होते. ठरावात लिहिले होते की सभापती सदस्यांना विश्वासात घेत नाहीत. ताई उत्तराला उभ्या राहिल्या. "तसं असंल तर मला काढा. पर उपकेंद्राची जागा मी एकटीनं ठरवली न्हाई. तुमी समद्यांनी हात वर केले हुते. आज माझ्याइरुद्ध हात वर करा, पर त्यो हात खाली घेऊ नका."

मतदान झाले. ताई आणि आणखी एक सदस्य सोडून सगळ्यांचे हात वर गेले. माझाही गेला. निकाल ऐकून ताईंनी शिपायाला सर्वांसाठी चहा सांगितला, स्वतःही प्यायल्या, आणि एस.टी.ने घरी गेल्या.

मी सभापती झालो. पहिल्याच आठवड्यात फाईलींच्या ढिगापुढे हताश बसलो असताना ताई आल्या आणि त्याच बाकावर बसल्या. "कुठं अडलं?" एवढेच त्यांनी विचारले. सलग तीन दुपारी त्यांनी मला काम समजावून सांगितले. मी चुकलो तिथे स्पष्ट सांगितले, पण ठरावाचा विषय एकदाही काढला नाही.

मग नेत्यांचा फोन आला: उपकेंद्राची जागा बदला. मी ताईंना विचारले, काय करू?

"सभापती तुमी हाय. मी सांगून केलं, तर उद्या निस्तरताना माझं नाव पुढं कराल."

मी दोन दिवस झोपलो नाही. अखेर जुना ठराव तसाच वर पाठवला. पुढच्या निवडणुकीत पक्षाने मला उमेदवारी दिली नाही, आणि ते योग्यच होते असे मी मानतो. ज्या नेत्यांच्या मर्जीने मी खुर्चीवर आलो, त्यांच्याच मर्जीने गेलो. उपकेंद्र मात्र वस्तीवरच झाले. उद्घाटनाच्या कोनशिलेवर माझे नाव होते, ताईंचे नव्हते. मला मान वर करवेना. ताई मागे बायकांमध्ये बसून एका बाळंतिणीला लसीची तारीख समजावून सांगत होत्या.

गेल्या महिन्यात राहुरीला त्यांच्या लेकीकडे जाऊन हे सारे छापण्याची परवानगी मागितली. त्या म्हणाल्या, "लिवा की. पर सोताला लई वाईट लिवू नका. तवा तुमी तरुन हुता."

बावीस वर्षे जी क्षमा मागायचे मी टाळले, ती त्यांनी न मागताच दिली. ताईंना उत्तम आरोग्य लाभो, त्यांचे पाय आणि डोळे शाबूत राहोत, आणि चुकलेल्या माणसाला शेजारी बसवून घेणारा त्यांचा सहवास आपणा सर्वांना अजून पुष्कळ वर्षे मिळो.