घरची गाठ

माझ्या हाताला अजून सुक्या बोंबलांचा वास येतो, असं माझी सून म्हणते. येऊ दे की. अत्तर लावून वाढलेली माणसं वेगळी आणि आम्ही वेगळे. मी पाचूबंदरच्या वाळूवर वाढले, आणि दिवाळी झाली की थेट शिमग्यापर्यंत आमच्या दारापुढं बांबूंच्या वलांडी उभ्या असायच्या. त्यांच्या दोऱ्यांवर बोंबील वाळत घालायचे. दोन बोंबील घ्यायचे, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि जोडी दोरीवर टाकायची, एक या अंगाला, एक त्या अंगाला. सकाळी थंडीनं बोटं आखडलेली, त्यात बोंबलांचे बारीक दात. दुपारपर्यंत बोटांची चाळण व्हायची. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते आणि तोंडानं फटकळ. 'हिच्या सासरच्यांना आधीच कळवून ठेवलं पायजे,' असं माझा काका म्हणायचा.

बाबा आमच्या बोटीचा तांडेल होता. म्हणजे सुकाणू त्याच्या हातात आणि पाण्यावर शेवटचा शब्दही त्याचाच. त्याच्या हाताखाली काका, बाबाचा धाकटा भाऊ, आणि त्या वर्षी नव्यानं आलेले दोन खलाशी. समुद्रात आमचा खुंट होता. पावसाळा सरला की लांबलचक लाकूड नेऊन समुद्राच्या तळात ठोकायचं आणि त्याला डोल जाळं बांधायचं. जाळं पिशवीसारखं, तोंड मोठं, शेपूट निमुळतं. पाण्याच्या ओढीबरोबर मासळी आत शिरते. आपण जायचं, शेपटाची गाठ सोडायची, मासळी बोटीत ओतायची आणि परत गाठ मारायची.

प्रत्येक घराची गाठ वेगळी. आमची आजोबांपासून चालत आलेली, तीन वेढे आणि टोक उलटं आत खुपसलेलं. बाबा ती झोपेतही मारू शकला असता. ज्याचा खुंट त्याची मासळी, हा आमचा कायदा. भर समुद्रात कुणी पहारेकरी ठेवत नाही, म्हणून दुसऱ्याच्या जाळ्याला हात लावणारा माणूस आमच्यात सगळ्यात वाईट. त्याची बोट शिमग्यापर्यंत वाळूवर ओढून ठेवायची आणि त्याच्याशी कुणी बोलायचं नाही, असा जमातीचा नियम होता.

आता किनारा एवढाएवढासा दिसतो तिथं आपला खुंट सापडतो कसा? वर तर नुसतं एक पिंप तरंगत असतं. तर किनाऱ्यावरच्या दोन खुणा धरायच्या, एक पुढची, एक मागची. दोन्ही एकामागं एक आल्या की समजायचं, आपण आपल्या रेषेवर आहोत. मग खोली मोजायची आणि पिंप शोधायचं. आमची एक खूण म्हणजे देवळाचा, आमच्या चर्चचा मनोरा. ती अर्ध्या गावाची खूण होती. पण दुसरी कुठली, ते प्रत्येक घर लपवून ठेवायचं. ज्याच्या हाती सुकाणू जाणार त्यालाच ती सांगायची. मी लहानपणी बाबाला विचारून विचारून भंडावलं होतं. तो म्हणायचा, "पोरींना सांगत नाय. पोरी लगीन करून जातात आनि खून घेऊन जातात."

नाताळाच्या आधीची गोष्ट. त्या दिवशी बाबा माझ्यासोबत बोंबील लावायला बसला होता. मी पाटी रिकामी करून आले तर एक कावळा बाबापासून हातभर अंतरावर दोरीवर बसून आरामात बोंबील ओढत होता. बाबा म्हणजे कावळ्यांचा वैरी. नेम धरून दगड मारणारा. आणि तो त्या कावळ्याकडं तोंड करून बसलेला, ढिम्म. मी कावळा हाकलला. मग काय सुचलं कोण जाणे, मी बाबाच्या डोळ्यांसमोर हात हलवला. त्याच्या पापणीला काही कळलं नाही. पण वारा लागला असेल, त्यानं खस्सकन माझं मनगट धरलं.

"किती दिवस झाले?" मी विचारलं.

"धुकं असल्यासारखं दिसतं. सगळं जात नाय." मग आवाज खाली आणून म्हणाला, "बाय, कोनाला बोललीस तर मी मेलो. सायबिणीची शप्पत घे."

मी म्हटलं डॉक्टरकडं चल. तर त्यानं आजीचं नाव काढलं. आजीचा डोळा कापला होता, आणि उरला होता तेवढा उजेडही गेला होता. त्या भीतीपुढं माझं काही चाललं नाही. आणि दुसरी भीती त्याहून मोठी. तांडेलाला दिसत नाही म्हटल्यावर सुकाणू गेलं. सुकाणू गेलं की पन्नाशीचा माणूस वाळूवर बसून म्हाताऱ्यांबरोबर जाळी शिवणार. मी सायबिणीची, मरियामातेची शपथ घेतली. मूर्खपणाच केला. चार माणसं त्या बोटीवर जात होती आणि मी गप्प राहिले. पण बापाला असं विनवताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

पुढच्याच आठवड्यात काकाला ताप भरला. बाबा दोन नव्या खलाशांना घेऊन निघाला. त्या दिवशी खरोखरीचंच धुकं होतं, दहा वाजले तरी देऊळ दिसत नव्हतं. मी जीव मुठीत धरून वलांडीपाशी उभी. पण बोट आली, आणि आली ती काठोकाठ भरून. बाबा खुशीत होता. "बघितलंस?" असं मला हळूच म्हणाला. आय आणि मी संध्याकाळपर्यंत बोंबील लावत बसलो. बोटं सोलली तरी मी गाणी म्हणत होते, इतकी मी सुखात होते.

दुसऱ्या दिवशी शेजारचा नाखवा, दुसऱ्या बोटीचा मालक, ओरडतच किनाऱ्यावर उतरला. त्याचा खुंट आमच्या खुंटाला लागूनच. बाबाचा तो लंगोटीयार. आमच्या नाताळाची पहिली करंजी त्याच्या घरी जायची आणि त्याच्या गणपतीचा पहिला मोदक आमच्याकडं यायचा. त्याचं जाळं कुणीतरी आदल्या दिवशी रिकामं केलं होतं. शेपटावरची गाठ नाखव्यानं सोडली नव्हती. दोरीसकट कापून आणली होती.

रविवारी मिस्सा झाल्यावर वाळूवर जमात बसली. पुरुष गोलात, बायका मागं. नाखव्यानं ती गाठ मधोमध टाकली. ती कुणाची, ते सगळ्यांनी ओळखलं. तीन वेढे, टोक उलटं आत. जमातीच्या पाटलानं आमच्या खलाशांना विचारलं. ते म्हणाले, तांडेलानं दाखवलं ते पिंप आम्ही ओढलं, आम्ही नवीन, आम्हाला काय माहीत.

बाबानं पुढं होऊन गाठ उचलली आणि बोटांनी चाचपली. त्याचा चेहरा पांढरा पडला. त्याला त्या क्षणापर्यंत ठाऊकच नव्हतं. मला वाटलं, आता सांगेल. तर हा माणूस ताठ उभा राहिला आणि म्हणाला, "मीच काढली मासळी. जानून काढली. काय दंड असेल तो करा."

मी बघतच राहिले. मग डोक्यात उजेड पडला आणि असा राग आला म्हणता! चोराची बोट शिमग्याला परत पाण्यात जाते. आंधळ्या तांडेलाची कधीच जात नाही. म्हणून आजोबांच्या नावाला, घराला, सगळ्याला काळं फासून घ्यायला तो तयार झाला होता. नाखव्याच्या डोळ्यांत पाणी होतं. चाळीस वर्षांची दोस्ती अशी मधोमध वाळूत पडली होती, आणि बाबा खोटं बोलून तिच्यावर पाय देत होता.

बायकांनी जमातीत बोलायचं नसतं. मी उठले.

"चोर आपल्या घरची गाठ मारून जाईल काय?" मी ओरडले. "शेंबडं पोरसुद्धा जाणार नाय! त्याला वाटलं आपलंच जाळं आहे. त्याला दिसत नाय! माझ्या बापाला दिसत नाय!"

"गप बस!" बाबा गरजला. पण गरजला तो माझ्याकडं नाही, माझ्या शेजारी उभ्या असलेल्या मावशीकडं बघून. मग कुणाला वेगळा पुरावा लागला नाही.

तेवढ्यात काका उठला. अंगात ताप, खांद्यावर गोधडी. "पोरगी खरं बोलते," तो म्हणाला. "दोन हिवाळे झाले. खुना लागल्या की मीच सांगतो त्याला. त्या दिवशी मी नव्हतो." आयनं पदर तोंडाला लावला. नंतर कळलं, ओळखलं तिनंही होतं. प्रत्येकाला वाटत होतं की आपल्या एकट्यालाच ठाऊक आहे आणि आपणच सांभाळून घेतोय. असं आमचं घर.

नाखवा उठला, बाबाच्या हातातून गाठ काढून घेतली आणि नाक शिंकरलं. "मेल्या," तो म्हणाला, "दिसत नसताना माझं जाळं धुऊन नेलंस. दिसत असतं तर माझी बोट पन नेली असतीस!" सगळी वाळू हसली. बाबा हसला नाही. मग नाखवा म्हणाला, "ही गाठ माझ्या दारावर टांगनार. डोळे करून ये आनि तुझ्या हातानं सोड. तोवर तू माझा चोर."

बाबावर चोरीचा डाग लागला नाही. पण सुकाणू त्याच घडीला काकाच्या हाती गेलं. तेही मीच केलं होतं.

त्या दिवसापासून बाबा माझ्याशी बोलेना. नाताळच्या जेवणाला मीठ माझ्या पुढ्यात होतं, तर आयला म्हणाला, "तिला सांग, मीठ दे." तो दिवसभर वाळूवर जाळी शिवत बसे, बोटांनी चाचपून. मी भाकरी घेऊन गेले की पाठ फिरवायचा. मी बाहेर तोंड वर करून फिरायचे आणि घरी मोरीत जाऊन रडायचे. खोटं कशाला सांगू, कधी कधी वाटायचं, चोर तर चोर, शिमग्यापर्यंत सोसलं असतं. शपथ मोडली ती मोडलीच.

डोळे करायला त्याला शेवटी नाखव्यानंच नेलं. रोज सकाळी दारातून "अरे चोरा, उठलास काय?" म्हणून हाक मारायचा. महिनाभर ऐकून बाबा एक दिवस म्हणाला, "चल रे, कापू दे माझा डोळा एकदाचा." एका डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि ते नीट झालं. बाटलीच्या बुडासारखा जाड भिंगाचा चष्मा लावून बाबा घरी आला. आधी नाखव्याच्या दारावरची गाठ सोडून आला, मग घरात शिरला. आयला म्हणाला, "म्हातारी झालीस गं." माझ्याकडं नुसतं बघितलं.

शिमग्याच्या थोडं आधी, मोसमाचे शेवटचे बोंबील येत होते तेव्हा, डॉक्टरनं परवानगी दिली आणि बाबा पहिल्यांदा बोटीवर गेला. सुकाणू काकाकडंच, हा नुसता बसायला. दुपारी बोट लागली. सगळे पाट्या उतरवत होते आणि बाबा एकटाच वाळूतून चालत माझ्या वलांडीपाशी आला. माझ्यासमोर बसला. पाटीतले दोन बोंबील घेतले, जबड्यात जबडा अडकवला आणि दोरीवर टाकले. अशा चार-पाच जोड्या झाल्या. मग खाली बघतच त्यानं विचारलं, "किनाऱ्याच्या टोकावरचा ताड कधी पडला?"

अडीच महिन्यांनी मला विचारलेली ती पहिली गोष्ट. "कुठला, तो उंच एकटा? त्याला दोन पावसाळे झाले," मी म्हटलं. "वीज पडली त्याच्यावर. आम्हीच त्याच्या झावळ्या आणल्या होत्या चुलीला."

बाबानं मान वर करून टोकाकडं बघितलं. चष्म्याच्या काचांमागं त्याचे डोळे मोठे मोठे दिसत होते.

"ती आपली दुसरी खून," तो म्हणाला. "मी रोज विचारायचो, ताड लागला काय रे मनोऱ्याला? आनि तुझा काका रोज सांगायचा, लागला दादा."

माझ्या हातातला बोंबील तसाच राहिला. दोन हिवाळे, रोज सकाळी, नसलेला ताड. पलीकडं काका खलाशांवर खेकसत पाट्या मोजत होता.

"मग काका रेघ धरायचा कशावर?"

"ताडाच्याच रेघेत पान्याची टाकी बांधली ना नवी, तिच्यावर. मनोरा आनि टाकी." एवढं म्हणून बाबा थांबला. आपण काय बोलून गेलो ते त्याच्या ध्यानात आलं. मग माझ्या सोललेल्या बोटांकडं बघत म्हणाला, "सगळी माझ्याशी गोड बोलली. तू एकटी खरं बोललीस, आनि मी तुलाच टाकलं."

पण माझं तोंड म्हणजे तोंड. मी म्हटलं, "बाबा, मी तर लगीन करून जाईन आणि खूण घेऊन जाईन."

"ने," बाबा म्हणाला, आणि पुढच्या बोंबलासाठी माझ्यापुढं हात केला.