उसामागं काय होतं

घर बघायचं असेल तर भर उन्हाळ्यात बघावं, हे मला आता कळतंय. कळून काय उपयोग म्हणा.

घरात आम्ही दोघंच, मी आणि माझे वडील. मी कराडात एका कचेरीत कारकून आहे, लग्नाच्या भानगडीत पडले नाही. आई गेल्यावर आबांना गावाकडून माझ्या भाड्याच्या खोलीत आणलं. खोली स्टँडजवळ, रस्त्याला लागून, दिवसभर गाड्यांचा धूर आत. फौजेतून पेन्शनवर आल्यावर वीस वर्षं ऊस पिकवलेला माणूस, पण वर्षभरात दम्यानं पार खिळखिळा झाला. डॉक्टर म्हणाले, औषधं चालू ठेवा, पण आधी यांना या धुरातनं बाहेर काढा. तेव्हापासून मी घराच्या मागं लागले.

कराडला लागून असलेलं मलकापूर आता आपल्यासारख्यांच्या हाताबाहेर गेलंय. म्हणून त्याच्याही पुढं, जिथं डांबर संपतं आणि प्लॉटांचे फलक सुरू होतात, तिथं शोधायचं. प्रत्येक फलकावर एक हिरवं झाड आणि हसणारं कुटुंब. एजंट प्रत्येक ठिकाणी तेच सांगायचा, मॅडम, दोन वर्षांत हा एरिया कुठं जातो बघा. कुठं जातो, कपाळ! एका ठिकाणी पाणी टँकरचं, एका ठिकाणी कागदच अर्धे, एका ठिकाणी जिना असा उभा, की आबा वर पोचेपर्यंत संध्याकाळ व्हावी. माझी सुट्टीन् सुट्टी यात गेली. आबा बरोबर यायचे आणि परतताना हळूच काहीतरी खोट काढायचे. खोट खरीच असायची, म्हणून जास्तच राग यायचा.

श्रावणातल्या एका रविवारी माझा तोल गेला. भर रस्त्यात त्यांना म्हटलं, "आता तुम्हीच काय ते पसंत करा आणि मला मोकळी करा. मी मेले तरी तुम्हाला घर आवडायचं नाही." आणि रडले, तेही रिक्षावाल्यासमोर. रिक्षावाला उगाच आरसा पुसत बसला.

त्याच दिवशी पुढचं घर बघितलं. दोन खोल्यांचं, बैठं, ओळीतलं शेवटचं. तिन्ही बाजूंना डोक्याच्या वर गेलेला ऊस. धूर नाही, गाडीचा आवाज नाही. आबा काठी टेकत बांधावरनं मागं गेले. पार टोकाला जाऊन थांबले, वाकून माती बोटांत चोळली आणि बराच वेळ पलीकडं बघत राहिले. मला वाटलं, झालं, आता काढणार खोट. परत येऊन म्हणाले, "घे पोरी. हवा झ्याक हाय." मला इतकं हलकं वाटलं, की जाताना वाटेत गाडा दिसला तिथं रिक्षावाल्यालासुद्धा भेळ खाऊ घातली.

दिवाळीनंतर ऊसतोडीची टोळी आली आणि चार दिवसांत रान मोकळं झालं. शेताच्या पलीकडं वीटभट्ट्या होत्या. एक नाही, तीन. पावसाळ्यात बंद असतात, आता पेटल्या. धूर सरळ आमच्या खिडकीत. आबा उशीला टेकून श्वास ओढत बसायचे आणि मी खिडक्यांच्या फटीत चिंध्या कोंबायची. शेतकऱ्याची लेक मी, ऊस कधीतरी तुटतो एवढं माझ्या डोक्यात येऊ नये? एजंटाकडं जाऊन त्याला नाही नाही ते बोलले. तो थंडपणे म्हणाला, आत्ता विकायला काढू नका, कुणी फिरकणार नाही. श्रावणात ऊस वाढला की गिऱ्हाईक आणतो.

घरी येऊन मी आबांपुढं त्याला शिव्या मोजत बसले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"त्याला कशाला बोलतीस," ते म्हणाले. "मला तवाच दिसलं हुतं."

"काय?"

"भट्ट्या. मातीचं खड्डं, राखंचं ढीग. समदं."

"मग बोलला का नाहीत?"

श्वास जमेपर्यंत ते थांबले. "तू लय थकली हुतीस, पोरी."

आबा पावसाच्या आधीच गेले. शेवटच्या दवाखान्यात दमा किती वर्षांचा, असं विचारलं, ते मी सांगितलं. घराचं काही सांगितलं नाही. लाज वाटली.

आता परत श्रावण आलाय. एजंट शब्दाला जागला, गेल्या रविवारी एक जोडपं घेऊन आला. बाईच्या कडेवर मूल झोपलेलं, तिचे डोळे ओढलेले. म्हणाली, आम्ही फार घरं बघितली हो, आता जीव नको झालाय. मग दारात उभी राहून म्हणाली, इथं हवा किती छान आहे.

माझ्या तोंडावर आलं होतं, हो, छान आहे. एवढं म्हटलं असतं तर मी सुटले असते. पण मी चप्पल घातली आणि त्यांना बांधावरनं मागं घेऊन गेले, आबा उभे राहिले होते तिथवर. मी स्वतः त्या टोकाला पहिल्यांदाच जात होते. तिथून तिन्ही भट्ट्या स्वच्छ दिसतात. त्या रविवारी रागाच्या भरात मी मागच्या दारातच बसून राहिले होते, आणि दारापासून ते टोक पन्नास पावलंसुद्धा नाही.