शेवंताबाईचा कुंदा

बेळगावात कुंदा दुकानात मिळतो. त्यासाठी कुणी घरी कढई काळी करत बसत नाही. शेवंताबाई बसायची. दिवाळी तोंडावर आली की गवळ्याकडून म्हशीचं दूध घ्यायची, लोखंडी कढई शेगडीवर चढवायची आणि सकाळपासून उलथनं धरून उभी राहायची. दूध आटत आलं की चमचाभर दही घालून त्याचा रवा पाडायचा, साखर तांबूस करून वर ओतायची, आणि मग तूप सुटेपर्यंत हलवत राहायचं. खांदा भरून यायचा, पण बाई जागची हलायची नाही, कारण खाली लागलं की सगळं दूध वाया. दुकानातला कुंदा चमच्यानं खावा लागतो, हिचा थापून वड्या पाडण्याइतका घट्ट. आणि प्रत्येक वडीवर ती चारोळीचे पाच दाणे टोचून फूल काढायची. ते तिला कुणी शिकवलेलं नव्हतं.

ती राहायची ती टिळकवाडीतली गल्ली पांढरपेशांची. मास्तर, वकील, बँकेतले. शेवंताबाईचा नवरा मायाप्पा सरकारी कचेरीत हेडक्लार्क होता. आडनाव त्यानं गावावरून घेतलेलं, कोगनोळीकर, त्यावरून जातीचा पत्ता लागायची सोय नव्हती. गल्लीनं विचारलं नाही, यांनी सांगितलं नाही. शेजारच्या वकिलीणबाई, पद्मजाबाई, तर दसऱ्यापासूनच कुंदा कधी म्हणून मागे लागायच्या, आणि थेट स्वयंपाकघरात येऊन कढईतलाच बोटावर घेऊन चाटायच्या. दिवाळीला शेवंताबाईची ताटं घरोघर जायची. शेजारचं ताट रिकामं परत करायचं नसतं, म्हणून परत येताना कुणाच्या चकल्या, कुणाचे अनारसे घेऊन यायची. त्या ताटांवर शेवंताबाईचा भारी जीव. ती मोजून लावून ठेवताना तिला आपण या गल्लीतल्याच आहोत असं वाटायचं.

आता पुढचं सांगताना मला तिचा राग येतो, पण सांगायला तर हवंच. त्या गल्लीचा झाडू बायडाबाई नावाची म्हातारी मारायची. ती शेवंताबाईची सख्खी मावशी. आई लहानपणीच गेली तेव्हा याच मावशीनं निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत पानं निवडून हिला वाढवलं, शिकवलं, चांगल्या घरी दिलं. तंबाखूची धूळ छातीत बसली, खोकल्यानं वखार सुटली, तेव्हा म्हातारी बेळगावात येऊन नगरपालिकेच्या झाडूला लागली. आणि या बाईनं काय करावं? टिळकवाडीत बिऱ्हाड आलं त्याच आठवड्यात मावशीच्या झोपडीवर जाऊन सांगितलं, की गल्लीत ओळख दाखवू नकोस. मावशी बरं म्हणाली. तेव्हापासून ती भाचीच्या दारासमोरचा कचरा ओढायची तो मान खाली घालूनच. कुंद्याची ताटं गल्लीभर फिरायची, पण मावशीला कधी एक वडी गेली नाही. देणार तरी कशी? झाडूवालीला ताट दिलं तर लोक विचारणार, ती तुझी कोण?

अठ्ठ्याहत्तर साली चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत मायाप्पा पांढराशुभ्र सदरा घालून, निळा झेंडा खांद्यावर घेऊन सगळ्यांच्या पुढे चालला. चोरून जगायचा त्याला वीट आला होता. मिरवणूक टिळकवाडीच्या रस्त्यानं गेली आणि अख्ख्या गल्लीनं गच्चीवरून पाहिली.

भांडण कुणी केलं नाही हो. भांडणं झाली असती तर बरं झालं असतं. चैत्रातलं हळदीकुंकू शेवंताबाईला चुकवून झालं, एवढंच. पद्मजाबाईंची मुलगी नीला अभ्यास विचारायला यायची, तिची परीक्षा जवळ आली ती आलीच. गणपतीत आरतीला हाक आली नाही. रस्त्यात भेटलं की सगळ्या हसायच्या, आणि हसून झालं की पुढे जायच्या. शेवंताबाई आतून पार वाळून गेली.

दिवाळीला तिनं ठरवलं, यंदा दुप्पट कुंदा करायचा. ताटं घेतली तर आपण या गल्लीचे. नाही घेतली तर सामान बांधायचं, इथं कुजत बसायचं नाही.

मायाप्पा चिडला. ‘‘ती आपली दिवाळी न्हाय. सोड की आता.’’

‘‘दिवाळी नसंना,’’ ती म्हणाली, ‘‘शेजार तर आपला हाय.’’

तिनं कढई लावली. हात भाजला तरी उलथनं सोडलं नाही. वड्या अशा उतरल्या की पूर्वी कधी उतरल्या नसतील. लक्ष्मीपूजनाच्या सकाळी नवं लुगडं नेसून ती घरोघर फिरली, आणि काय सांगू, एकानंही नाही म्हटलं नाही. पद्मजाबाईंनी तर दोन्ही हातांनी ताट घेतलं आणि म्हणाल्या, तुझ्या कुंद्याशिवाय आमची दिवाळी होते का? शेवंताबाईला रस्त्यातच रडू फुटलं.

संध्याकाळपर्यंत सगळी ताटं परत आली. घासूनपुसून लख्ख, आणि प्रत्येकात मूठभर साखर.

मायाप्पानं एकेक ताट बघितलं. ‘‘सगळ्यांनी साखरच दिलीया. चकली एकीनंबी न्हाय.’’

‘‘रिकामं तर एकबी न्हाय आलं,’’ शेवंताबाई म्हणाली. तिनं सगळी साखर डब्यात ओतली आणि त्या रात्री ती पोटभर जेवली. किती महिन्यांनी जेवली!

पाडव्याला दुपारी मागच्या दाराची कडी वाजली. दारात बायडाबाई, पदराखाली फडक्याचं गाठोडं. इतक्या वर्षांत ती या घरात कधी आली नव्हती. गल्ली जेवून झोपलीय, कुणी बघितलं न्हाय, असं आधी सांगूनच ती आत आली आणि भिंतीला टेकून खोकत बसली. मग तिनं गाठोडं सोडलं.

आत कुंद्याच्या वड्या होत्या. प्रत्येक वडीवर चारोळीचे पाच दाणे. घराघरातल्या, सगळ्याच्या सगळ्या, एकमेकींना चिकटलेल्या. एकाही वडीचा कोपरासुद्धा मोडलेला नव्हता.

म्हातारी कौतुकानं सांगत होती. वकिलीणबाईंनी आधी हाक मारली, म्हणं फडकं धर, आणि वरनं टाकलं. मग पलीकडच्या बाईंनी, मग मास्तरणीनं, करत करत सगळ्यांनीच टाकलं. घरी नेऊन खा, इथं बसून खाऊ नको, असंही सगळ्यांनी बजावलं. एवढी दिवाळी तिला जन्मात कुणी दिली नव्हती.

‘‘तुमचं समद्यांस्नी कळल्यापास्नं तुज्याकडं कोण फराळ धाडत नसंल,’’ ती म्हणाली, ‘‘म्हणून घरी न नेता हिकडंच आले. खा पोरी.’’

शेवंताबाईनं एक वडी उचलली. ती तिनं अख्खी तोंडात टाकली. मावशी तिच्या तोंडाकडे आशेनं बघत होती.

‘‘कशी हाय?’’

‘‘ग्वाड हाय.’’

‘‘असणारच की. मोठ्या घरच्या बायकांच्या हातचं हाय ते. आपल्या हाताला न्हाय गं यायची ही चव.’’

हा माझाच कुंदा, एवढंच म्हणायचं होतं. पण ते म्हटलं असतं तर म्हातारीनं विचारलं असतं, मग मला इतकी वर्षं कधी का दिला न्हाईस? शेवंताबाईनं दुसरी वडी घेतली.

‘‘व्हय मावशी,’’ ती म्हणाली. ‘‘न्हाय यायची.’’

म्हातारीनं निम्म्या वड्या भाचीच्या ताटात ठेवल्या, उरलेल्या बांधून घेतल्या आणि उठली. मागच्या दारातून पाय बाहेर टाकायच्या आधी तिनं गल्लीत कुणी बघत नाही ना ते दोन्हीकडे नीट पाहून घेतलं. भाचीला दिलेला शब्द तिनं अजून मोडला नव्हता.