शिआंगचं पाकीट

मानांग एपांग गल्लीत शिरली की कुत्री भुंकायची थांबतात आणि माणसं परसदारी पळतात, असं लोक म्हणत. एपांगला, गावाच्या ह्या मानांगला म्हणजे थोरल्या ताईला, ते ऐकून मनातून बरंच वाटे. सान रोकेच्या चर्चची पाकिटं ती तीस वर्षं वाटत होती. संताच्या सणाआधी महिनाभर घरोघर एक पांढरं पाकीट द्यायचं आणि पंधरा दिवसांनी ते भरलेलं परत आणायचं. डुकरं पाळून पोट भरणारी ही बाई पैसे मागताना देवाचं नाव कधी काढत नसे. आधी पायरीवर बसायची, कोंबड्यांची चौकशी करायची, वाळत घातलेल्या मासळीचं कौतुक करायची आणि उठता उठता म्हणायची, "पलीकडच्या घरानं दिलं हं. तुमचंच राहिलंय." पलीकडच्या घरानं दिलेलं असो वा नसो! भीड भिकेची बहीण असेल, पण त्या गावात ती चर्चचीच सख्खी बहीण होती.

नवे फादर एल्मर आले तेव्हा मिस्सा चालू असताना वेदीवर पाणी टपकत होतं. फादर चांगले होते. वाईट असते तर ही गोष्ट सांगायला सोपी गेली असती. छपरासाठी त्यांनी दोन गोष्टी सुरू केल्या. मिस्सानंतर देणाऱ्यांची नावं वाचायची, मोठ्या रकमेपासून लहान रकमेपर्यंत. आणि तीच यादी चर्चच्या फेसबुकवर टाकायची, म्हणजे परदेशातली लेकरंही हात सैल सोडतील. वर ते प्रवचनात म्हणाले, "मानांग एपांगच्या गल्लीतून एकही पाकीट रिकामं येत नाही. शिका तिच्याकडून." एपांगच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

त्या गल्लीच्या टोकाला कॉन्सोर्सिया राहायची, सगळे तिला शिआंग म्हणत. नवरा गेलेला, साखरेनं डाव्या पायाची दोन बोटंही गेलेली. एकुलती लेक जोवेलिन हाँगकाँगला एका घरी कामाला होती. तिचे पैसे आले की इन्सुलिन यायचं. पैसे उशिरा आले की इन्सुलिनही उशिरा.

"मानांग, ह्या खेपेला काहीच नाही गं," शिआंगनं पाकीट पुढे केलं. "मी घरी नव्हते म्हणून सांग."

"त्या पायानं तू जाणार कुठे? कोण विश्वास ठेवील?"

"मग मेले म्हणून सांग."

एपांगनं रिकामं पाकीट घरी आणलं. वीस पेसो टाकले असते तर भागलं असतं. पण वीस म्हणजे सगळ्यात शेवटी वाचलं जाणारं नाव, आणि शेवटचं नाव लोक पहिल्याइतकंच नीट ऐकतात. म्हणून डुकराचं पिल्लू विकून आलेल्या पैशांतली पाचशेची नोट तिनं आत सरकवली. मायेपोटीच केलं तिनं. पण खोटं कशाला बोलू, गल्लीच्या इभ्रतीचाही त्यात वाटा होता.

रविवारी शिआंगचं नाव वाचलं गेलं, बरोबर मधोमध. बाहेर पडताच तिनं एपांगचा दंड धरला.

"मी कुठे दिले गं?"

"गप्प बस. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"संतासमोर वाचलं नाव. त्याला माहीत आहे ना, पाकीट रिकामं होतं ते."

"मग त्याचं तो बघून घेईल," एपांग हसली. तिच्या लेखी विषय संपला.

बुधवारी दुपारी शिआंग रडत एपांगच्या डुकरांच्या गोठ्यापाशी आली. हातात फोन, फोनवर जोवेलिन. फेसबुकवरची यादी तिनं पाहिली होती. एपांगनं हात पुसले आणि फोन घेतला.

"इन्दाय, पोरी, ते पैसे मी टाकले गं. तुझ्या आईनं एक पेसोही दिला नाही."

"तिया मावशी, गेल्या वर्षी तुम्हीच मला सांगितलंत, आईनं हजार दिले, आता लेकीचंच राहिलंय. मी दिले. मग कळलं, आईनं छदाम दिला नव्हता. तुमचं कुठलं खरं मानू?"

"हे खरं मान. सान रोकेची शपथ."

"मालकिणीचं उष्टं खाऊन दिवस काढते मी इथे. गेल्या महिन्यात आई म्हणाली, औषधाला पाचशे कमी पडताहेत. पोटाला चिमटा काढून पाठवले. पाचशेच, तिया! आणि यादीतही पाचशेच!"

फोन बंद झाला.

एपांग तडक फादरांकडे गेली. "फादर, तेवढं एक नाव पुसा."

फादरांनी सगळं ऐकून घेतलं. "मी रविवारी सगळ्यांना खरं सांगू का?"

"सांगाल, आणि शिआंगचं पाकीट रिकामं होतं हे अख्ख्या गावाला कळेल. ती पुन्हा चर्चची पायरी चढायची नाही."

फादरांनी नाव काढलं. मिनिटभराचं काम. संध्याकाळी आईच्या फोनवर जोवेलिनचा निरोप आला, "आता लपवलंतसुद्धा? छान." हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पुढच्या महिन्याचे पैसे आले ते पाचशे कमी. सोबत एक ओळ नाही, आणि आईचा फोन ती उचलेना.

नंतरच्या शनिवारी शिआंग काठी टेकत एपांगच्या दारात आली. तिनं एक पाकीट पुढे केलं.

"घे. पाचशे आहेत."

"कसले?"

"वाचले ना माझ्या नावावर, ते."

"वेड लागलं का तुला? आधीच पाचशे कमी आलेत. इन्सुलिन कशानं आणशील?"

"लेकीला मी खोटी वाटले. सान रोकेसमोर तरी खोटी राहायला नको."

एपांगनं पाकीट तिच्या हातात परत कोंबलं. शिआंगनं ते पायरीवर ठेवलं. एपांग ओरडली, रडली, तिनं हात जोडले. संताला औषधाचे पैसे नको असतात म्हणाली. छप्पर गळू दे म्हणाली. शिआंगनं पाकीट काही उचललं नाही.

"बरं, राहू दे ते इथे," शेवटी एपांग म्हणाली. "इन्सुलिन मी आणून देते. माझ्या पैशांनी."

"तुझ्याच पैशांनी तर हे झालं, मानांग."

रागानं नाही, अगदी साधेपणानं म्हणाली ती, आणि काठी टेकत गल्लीला लागली. एपांगनं पाकीट उचललं आणि चार पावलं तिच्यामागे गेली. मग थांबली. परत दिलं तर उद्या ती हेच पैसे चर्चच्या पेटीत टाकून येईल, हे तिला पक्कं ठाऊक होतं. घरात नसलं तरी द्यायचं, हे शिआंगला तिनंच शिकवलं होतं.