चुन्यानं आखलेलं हृदय

खोब्रागडे बाई नमस्काराला नमस्कार करत नसत, सरळ मनगट धरत. नाडी पाहून हात सोडताना म्हणत, "चालू हाय नं? मंग कामाले लाग." पाहणीला आलेल्या साहेबाचं मनगटही त्यांनी सोडलं नव्हतं. अहेरीजवळच्या आमच्या शाळेत त्या विज्ञान शिकवत, मी मराठी.

रक्ताभिसरणाचा धडा त्या पटांगणातच घेत. चुन्यानं चार खोल्यांचं हृदय आखायचं, शेजारी फुप्फुसं, बाकीचं मैदान म्हणजे शरीर. पोरं लाल पेशी. फुप्फुसातून पळसाचं पान उचलायचं, हृदयातून पळत शरीरात नेऊन टाकायचं आणि रिकाम्या हातानं परत फिरायचं. दारादारांत झडपा म्हणून पोरी उभ्या. उलटा येणाऱ्याला अशा ढकलत की विचारू नका.

"बाई, हा तास विज्ञानाचा की कबड्डीचा?" मी चिडवायचो.

"गुरुजी, तुमच्या कवितेत हृदय नुसतं तुटते. माह्या धड्यात ते काम करते."

माझ्या लेकीला, मंदाला, सिकलसेल, रक्ताचा पिढीजात आजार. एका पावसाळ्यात, भाताच्या रोवणीच्या दिवसांत, तिचं रक्त एकदम उतरलं. डॉक्टर म्हणाले, आजच रक्त चढवावं लागेल. आम्हा नवराबायकोत त्याच आजाराचा अंश, आमचं रक्त चालेना. रक्तपेढीत पिशव्या संपत आलेल्या. देणारी माणसं आणा म्हणाले. मी जीप घेऊन गावात आलो. मंदावर सगळ्यांचा जीव, पण पुढं कुणी येईना.

"धानाच्या बांधीतलं पाणी वाहून गेलं का गेलं, गुरुजी," मारुतीभाऊ म्हणाला. "रगत बी तसंच. अंग खचलं तं रोवणी कोण करन?"

मी संतापलो, मग हात जोडले. बाईंनी दोन्ही केलं नाही. त्यांनी चुन्याची पिशवी काढली.

चिखलाच्या पायांनी बाप्ये शेतातून पटांगणात आले आणि बाईंच्या धाकानं पळसाची पानं घेऊन पळू लागले. पोरं हसून हसून लोळली. मध्येच बाईंनी मारुतीभाऊला हात धरून बाहेर काढलं आणि कोपऱ्यातल्या 'हाड' लिहिलेल्या गोलातून दुसऱ्याला आत ढकललं.

"फेरी थांबली काय?"

"नाई."

"नवं रगत हाडात तयार होते, भाऊ. महिना-दोन महिन्यांत सारं भरून येते. उद्याचा दिवस दमानं घे, पाणी पे. रोवणी काही बुडत नाई."

मारुतीभाऊनं पायाचा चिखल पुसला. मग म्हणाला, "जीप कुठी हाय?" त्याच्या मागून आणखी चौघं चढले. माझी पोर वाचली. त्या दिवशी मी बाईंच्या पाया पडलो, त्यांनी माझं मनगट धरलं.

पुढं बाईंच्याच हृदयाची झडप सैल झाली. "माह्या दारावरची पोरगी झोपा काढून राह्यली," म्हणत. शेवटी भेटायला गेलो, तेव्हा मंदानं त्यांचं मनगट हातात घेतलं. ती आता आमच्याच शाळेत विज्ञान शिकवते.

"चालू हाय नं?" बाईंनीच विचारलं.

 मंदानं डोळे पुसत मान हलवली.

"मंग रडतेस काऊन?"

बाईंना शेवटचं पोचवून आलो, तर मंदा घरी थांबली नाही. शाळेत गेली आणि शिपायाला म्हणाली, "भाऊ, चुना काढा."