हिरव्या दोऱ्याचे कपडे

आत्याचा नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. म्हणून ती भावाच्या लॉन्ड्रीत आली आणि तिथलीच झाली. गिऱ्हाइकागणिक वेगळ्या रंगाचा दोरा कपड्याच्या कडेला ओवायचा, म्हणजे अदलाबदल होत नाही. हे काम तिचं. इतक्या वर्षांत एक रुमाल कधी इकडचा तिकडे गेला नाही. तोंड मात्र तिखट. "डाग तुमचा आणि शिव्या आम्हाला होय?" असं गिऱ्हाइकाला तोंडावर सुनवायची.

भाच्याच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं, तेव्हा त्याचा ताप हटेना. तपासणीत एचआयव्ही निघाला. घरावर वीजच कोसळली. वहिनी रडून रडून शेवटी म्हणाली, "सुनेला अवाक्षर कळता कामा नये. माहेरी निघून गेली तर नाक कापलं जाईल आपलं."

"अगं वहिनी, पण त्या पोरीचं काय?"

"वन्सं, तुम्ही ह्यात पडू नका."

भाऊ खाली मान घालून बसला. भाच्यानेही मुंडी हलवली, नेभळट मेला! भावाच्या घरी राहणारीने किती बोलायचं? आत्या गप्प बसली.

मग ह्या शहाण्यांनी काय करावं? भाच्याच्या कपड्यांना हिरवा दोरा लावला आणि ते वेगळ्या पिंपात उकळायला घेतले. डॉक्टरांनी बजावलं होतं, हे कपड्यांनी पसरत नाही. गोळ्या रोज घ्या, निरोध वापरा, बायकोला तपासायला आणा. त्यातलं ह्यांनी धड काही केलं नाही. गोळ्या बायकोला दिसू नयेत म्हणून भाचा त्या दुकानात स्टार्चच्या डब्यामागे लपवायचा आणि सुट्टीच्या दिवशी हमखास चुकवायचा. निरोध आणला तर ती कारण विचारेल, म्हणून तोही नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!

"आत्या, ह्यांच्याच कपड्यांना हा दोरा का हो?" सुनेने एकदा विचारलं.

"त्याचं अंग नाजूक आहे गं. साबण सोसत नाही." बोलता बोलता आत्याची इस्त्री जागीच राहिली आणि शर्ट करपला. तिच्या हातून करपलेला तो पहिलाच कपडा.

पुढे सुनेला दिवस गेले. घरातल्यांची तोंडं उतरली. ती एकटीच हसत होती. दवाखान्यात जाताना तिने आत्याला हट्टाने बरोबर नेलं. रक्ताचा रिपोर्ट आला तेव्हाही आत्याचा हात सोडला नाही.

"गोळ्या आजच सुरू करू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "नीट घेतल्या तर बाळाला बहुतेक काही होणार नाही. नवऱ्याची तपासणी झालीय का?"

सून गोंधळून आत्याकडे पाहू लागली. आता खोटं बोलवेना. "झालीय. वर्ष होत आलं," आत्या म्हणाली.

"अहो, मग तेव्हाच हिला का नाही आणलंत? ही कदाचित वाचली असती हो!"

सुनेने हात काढून घेतला.

घरी आल्यावर ती रडली नाही, ओरडली नाही. दुकानातलं हिरव्या दोऱ्याचं रीळ घेतलं, सुई ओवली आणि स्वतःच्या ओढणीला टाके घालायला बसली. आत्या धावली. "अगं नको गं बाई! कपड्यांनी नाही पसरत ते."

"हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं गं."

"तरी त्यांचे कपडे वेगळे उकळलेत. आणि मला मात्र त्यांच्याच खोलीत झोपायला पाठवलंत."